भंडारा उचलला तेव्हा ताट मी धरलं होतं

आमच्या बिझनेस स्कूलच्या दारातून आत शिरलं की समोर धुरपताबाईंचा फोटो आहे. चांगला माणसाच्या उंचीचा. डोक्यावर पदर, हातात काठी, मागं कमरेइतकं गवत. खाली इंग्रजीत लिहिलंय, परिसराची जबाबदारी सगळ्यांनी मिळून घेतली की उजाड माळसुद्धा हिरवा होतो. पाहुणे आले की तिथं थांबतात, मोबाइल काढतात, "वा, वा" करतात. एका साहेबांनी तर मला विचारलं, "या बाई अजून असतात का इथं?" मी म्हटलं, "फोटोत असतात."

बोलणं तिखट आहे माझं. सगळे म्हणतात, आणि खोटं नाही म्हणत. मी प्रमोदिनी, या संस्थेत सोळा वर्षं टपाल आणि पत्रव्यवहार बघते. मूळची तुळजापूरची. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या देवीचे यजमान उतरायचे, तेव्हा कोण कुठला देव मानतो आणि कोण कशाची शपथ घेतो हे मला पाळण्यापासून ठाऊक. तर अशी ही माझी जीभ, जी कॅन्टीनवाल्यापासून ट्रस्टींपर्यंत कुणाला सोडत नाही, ती जिथं चालवायची होती नेमकी तिथं मी गिळून बसले. आता सांगते आहे, म्हणजे फार मोठं काही करते आहे असं नाही.

येडशीहून कळंबच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमच्या काचेच्या इमारती दिसतात. त्यांच्या मागं चाळीस एकर माळ आहे, बिरोबाचा माळ. संस्थेनं तो रीतसर विकत घेतला, सातबारा संस्थेच्या नावावर आहे, त्यात वाद नाही. पण माळाच्या पलीकडं धनगरांची वस्ती आहे, आणि त्या वस्तीतली मेंढरं सातबारा निघायच्या आधीपासून तिथं चरत आली आहेत. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत हाच त्यांचा चारा. बाकीचं वर्ष मग रानोमाळ फिरायचं, कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत शेतकऱ्याला आणि त्याबदल्यात ज्वारी आपल्याला, असा सगळा हिशोब.

धुरपताबाई आणि मी पहिल्यांदा भेटलो ते भांडतच. दुपारची वेळ, मी पाकिटं लावत बसलेली. दार ढकलून एक उंच, काळीसावळी बाई आत आली आणि माझ्या टेबलावर, बरोबर टपालावर, एक कोकरू ठेवलं. पाय मोडलेलं.

"ह्ये तुमच्या वॉचमननं दगुड मारून मोडलंय," त्या म्हणाल्या. "आता तुमीच बसा त्याच्यापाशी. मला बाकीची राखायची हायत."

"अहो बाई, हे ऑफिस आहे का गोठा?" मी उठलेच.

"हापिस हाय म्हनूनच आणलं. गोठा माझ्याकडं हाय की!"

मला राग आला होता आणि हसूही. कॅन्टीनमधून हळद मागवली, फुटपट्टी मोडून पायाला बांधली, आणि तासभर ते कोकरू माझ्या पायाशी बें बें करत पडून होतं. संध्याकाळी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी ती फुटपट्टी नीट बघितली. "बरं बांधलंय, अक्का," म्हणाल्या. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले. नवरा बिरोबाचा पुजारी होता, तो वारल्यावर एकशे तीस मेंढरांचा कळप त्यांनी एकटीनं राखला. मुलगा सिदू धाराशिवला पिकअप चालवतो. त्याला मेंढरामागं फिरायची लाज वाटायची, आणि बाईंना पिकअपमध्ये बसलं की मळमळायचं.

आमच्या संस्थेला तेव्हा हिरवेगारपणाचं वेड लागलं होतं. पर्यावरण दिनाला दरवर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं लागायची, टोप्या घालून फोटो निघायचे. पुढं सुट्टीत पाणी घालायला कुणी नसायचं. निम्मी वाळून जायची, निम्मी मेंढरं खायची, आणि अहवालात मात्र सगळी मेंढरांनी खाल्ली असं जायचं. अहवाल मीच टाइप करायची. वॉचमन मल्लिनाथ दिवसभर काठी घेऊन मेंढरांमागं पळायचा, वस्तीतली माणसं शिव्या घालायची. असं सहा-सात वर्षं चाललं.

मग शिवप्रिया आली. लातूरची पोरगी, दुसऱ्या वर्षाला. विद्यार्थ्यांना 'समाजाप्रती जबाबदारी' म्हणून एक विषय असतो, दोन क्रेडिटचा. बाकीची पोरं वस्तीत जाऊन हात धुण्याची चित्रं चिकटवून यायची आणि समाजाची जबाबदारी संपायची. ही पोरगी दोन महिने धुरपताबाईंच्या मागं मेंढरं घेऊन हिंडली. पायाला फोड आले, नाकाचं साल निघालं. आणि येऊन काय सांगावं? म्हणे, माळ वाचवायचा तर मेंढरं हाकलून चालणार नाही. तीन वर्षं माळ पूर्ण बंद ठेवायचा, गवत आणि झाडं धरू द्यायची. मग दरवर्षी दसरा ते संक्रांत मेंढरांना मोकळा करायचा. मेंढरांच्या लेंड्या पडल्या, खुरांनी बी दाबलं गेलं, की गवत उलट जोमानं येतं.

"ह्यात नवीन काय सांगितलं तिनं?" धुरपताबाई मला म्हणाल्या. "आमच्या सासऱ्याच्या वक्ताला असंच व्हतं. निम्मा माळ बंद, निम्मा उघडा. पर पोरीनं आमचंच आमाला इचारलं, ह्ये लई झालं."

डायरेक्टर सरांना कल्पना फार आवडली. बाहेरून आलेला माणूस, हुशार, बोलायला गोड. त्यांना कुठलीही गोष्ट मोठ्या पडद्यावर कशी दिसेल ते आधी दिसायचं. त्यांनी ठरवलं, दसऱ्याला वस्तीत जाऊन कार्यक्रम करायचा.

दोन हजार एकवीसचा तो दसरा. माळाच्या कडेला हिवराच्या झाडाखाली बिरोबाचं ठाणं आहे, तिथं सगळी वस्ती जमली. ढोल वाजत होते. शिवप्रियानं करारपत्र टाइप करून आणलं होतं, दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या जागा सोडून. तर धुरपताबाई म्हणाल्या, आमच्यात शब्द द्यायचा तर बिरोबाचा भंडारा उचलून देतात.

भंडारा म्हणजे हळद. दिसायला पिवळी पूड, बाकी काही नाही. पण धनगराच्या वस्तीत देवापुढचा भंडारा उचलून बोललेला शब्द फिरला, तर त्या माणसाच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. भाऊ असला तरी. मला हे ठाऊक होतं. एका म्हाताऱ्यानं कुरकुर केली, बाईमाणसानं कसा भंडारा उचलायचा म्हणून. धुरपताबाई त्याच्यावर अशा गेल्या की बस. "मेंढरं म्या राखती, उन्हात म्या मरती, आन्‌ शब्द तुमी देणार व्हय? सरका तिकडं!" मग भंडाऱ्याचं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. "ताट अक्का धरतील. त्या दोन्हीकडच्या हायत."

त्यांनी मूठभर भंडारा उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सायेब सोताच्या हातानं फाटक उघडत न्हाईत तवर माझ्या वस्तीचं एक मेंढरू ह्या माळावर पाय ठेवणार न्हाय. बिरोबाच्या नावानं चांगभलं!" सगळी वस्ती ओरडली.

आता सरांची पाळी. ते माझ्या कानाशी लागले. "मॅडम, मी नक्की काय करायचं?"

मी म्हटलं, "चिमूटभर हळद उचला सर, आणि म्हणा, तिसऱ्या दसऱ्याला मी माझ्या हातानं फाटक उघडीन. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

का म्हटलं मी असं? मला वाटलं, खरा अर्थ सांगितला तर हा माणूस बिचकेल, म्हणेल ट्रस्टींना विचारतो, आणि जमून आलेलं सगळं विस्कटेल. मला वाटलं, मी भलंच करते आहे. सरांनी हसत हसत भंडारा उचलला, वाक्य म्हटलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

शिवप्रिया कागद घेऊन पुढं आली. "आजी, यावर पण सही घेऊ या का?"

धुरपताबाईंचा चेहरा उतरलाच. "भंडारा उचलल्यावर कागूद? म्हंजी देव खोटा का गं माझा?" वस्तीतली माणसंही कुजबुजली. पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळत होतं की कागद हवा. मलाही कळत होतं, इतकी वर्षं कागदच तर हाताळत आले होते मी. सर घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "राहू दे गं." तिनं कागद पिशवीत घातला. पुढच्या वर्षी नोकरी लागून ती बंगळूरला गेली, तिच्याबरोबर तो कागदही कुठंतरी गेला.

तीन वर्षं धुरपताबाईंनी शब्द कसा पाळला ते मी डोळ्यांनी बघितलं. माळाला कुंपण नव्हतं, पुढच्या बाजूला नुसतं लोखंडी फाटक आणि थोडी भिंत. बाकी तीन बाजू मोकळ्या. पण वस्तीचं मेंढरू आत आलं नाही. चुलतदिराची शेळी एकदा शिरली तर बाईंनी त्याला भरवस्तीत असं फैलावर घेतलं की तो महिनाभर तोंड चुकवत होता. दसरा ते संक्रांत त्या मेंढरं घेऊन ईट गावापर्यंत चालत जायच्या, तिकडून भूमच्या बाजूला. गुडघे गेले त्यात.

तेवीस साली पावसानं दगा दिला. चाऱ्याचे हाल हाल झाले. बाईंनी दहा विकली, मग वीस विकली, मग आणखी. आणि इकडं माळावर पवन्या गवत वाऱ्यावर डोलत होतं. ओठाशी घास आणि तोंड बांधलेलं, अशी गत. सिदू म्हणाला, "आई, दुपारी वॉचमन झोपतोय. तासभर सोडली तर कोण बघतंय?"

"म्या बघती की," त्या म्हणाल्या. विषय संपला.

फाल्गुनात वणवा लागला. कुणीतरी विडी टाकली असेल. आमची पोरं गच्चीवरून व्हिडिओ काढत होती. मी फायरब्रिगेडला फोन लावत बसले. धुरपताबाई आणि वस्तीतल्या पाच-सहा बाया घोंगड्या भिजवून आगीवर झोडत सुटल्या. दोन तास. गाडी येईपर्यंत आग विझलेली. बाईंची घोंगडी जळाली, हाताला कोपरापर्यंत फोड. मी धावत गेले तर मलाच विचारतात, "लई जळलं का वो, अक्का? दसऱ्याला पुरंल न्हवं?"

त्याच आठवड्यात, वाचलेल्या गवतात उभं करून, आमच्या फोटोग्राफरनं त्यांचा तो दारातला फोटो काढला.

उन्हाळ्यात दिल्लीहून तपासणीची मंडळी आली. हरित परिसराचं कसलंसं मोठं प्रमाणपत्र होतं, ते मिळालं की संस्थेचं नाव देशाच्या यादीत जातं. मंडळी माळ बघून खूश झाली. फक्त एक अट घातली: ही जागा कायम चराईमुक्त राहील, असं लिहून द्या. ते पत्र ऑगस्टच्या नऊ तारखेला मी टाइप केलं. "कायमस्वरूपी" हा शब्द माझ्या बोटांनी उमटला. मी सरांना म्हटलं, "सर, ते वस्तीचं... दसऱ्याला..." सर मान वर न करता म्हणाले, "मॅडम, तो एक कल्चरल प्रोग्रॅम होता. आपण त्यांना ब्लँकेट्स वाटू." सरांनी सही केली. मी पत्राला जावक क्रमांक दिला, पाकीट चिकटवलं आणि पाठवलं. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. पण तेव्हा डोक्यात तेच होतं.

निदान बाईंना तरी सांगायचं ना! ऑगस्ट गेला, गणपती गेले, मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. पितृपंधरवड्यात त्या स्वतःच ऑफिसात आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, चेहऱ्यावर उजेड.

"अक्का, फाटकाचं कुलूप बघितलं का? गंज चढलाय. तेल घालून ठिवा, सायबाच्या हातानं उघडाया पायजे."

मी म्हटलं, "बघू."

"आन्‌ एक इचारायचं व्हतं. ईटचा एक शेतकरी आलता. त्याच्या रानात मेंढरं बसवा म्हणतोय, दसऱ्यापासनं संक्रांतीपतुर. चारा हाय, पाणी हाय. आता शेहेचाळीसच ऱ्हायलीत, त्याला चालतंय. काय करू? व्हय म्हणू का न्हाय?"

बघा आता. देवानं आणखी किती सरळ विचारायचं? एक वाक्य बोलायचं होतं मला. हो म्हणा, एवढं. टेबलापलीकडं बसलेली बाई तीन वर्षं उपाशी राहून माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि मी पाकिटावर शिक्का मारत म्हणाले, "तुम्हाला जे बरं वाटेल ते करा, धुरपताबाई."

त्या हसल्या. "मला काय वाटायचं? माझा माळ उघडायला लागलाय, म्या कशाला दुसऱ्याच्या रानात जाऊ?" आणि ईटच्या माणसाला नाही सांगून मोकळ्या झाल्या.

दसऱ्याच्या सकाळी ढोल ऐकू आले तेव्हा आम्ही कॉम्प्युटरची पूजा करत होतो. सर खाली आले, त्यांच्यामागं मी. फाटकाबाहेर सगळी वस्ती उभी. पुढं शेहेचाळीस मेंढरं, कपाळाला भंडारा, शिंगांना झेंडू. धुरपताबाईंच्या हाताला अजून भाजल्याचे डाग होते. त्यांनी फाटकाला हार घातला होता.

सरांनी मल्लिनाथला विचारलं, "हे काय चाललंय?"

"सायेब, तिसरा दसरा," धुरपताबाई म्हणाल्या. "आमचं आमी पाळलं. आता उघडा."

सर गोडच बोलले, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ही जागा आता संरक्षित आहे, तुमच्या सगळ्यांच्या कष्टानं आहे, संस्था तुमचा सत्कार करणार आहे, पण जनावरं आत सोडता येणार नाहीत. सिदू पुढं झाला. "सायेब, तुमी करार केलाय."

"कसला करार? कागद आहे का?"

"भंडारा उचललाय तुमी!"

सर खरंच गोंधळले. कार्यक्रम आठवत होता, पण त्यात आपण शब्द दिला हे त्यांच्या गावीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मग ते माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही होतात ना? असं काही ठरलं होतं?"

धुरपताबाईंचा चेहरा एकदम निवळला. "व्हय, अक्कांना इचारा. अक्काच व्हत्या मधी. त्या सांगतील."

ढोल थांबला.

"कार्यक्रम झाला होता, सर," मी म्हणाले. "लेखी असं काही नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. सोळा वर्षं ऑफिसची पत्रं लिहून शिकलेली अक्कल ती. मल्लिनाथ, ज्यानं त्यांच्या मेंढरांना दगड मारले होते, त्यानंसुद्धा माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच किळस आली.

"अक्का?" धुरपताबाई म्हणाल्या. एवढंच. मी खाली माझ्या चपलांकडं बघत राहिले.

सिदूनं फाटकाला लाथ घातली. बाईंनी त्याचा दंड धरून मागं ओढलं. "सायबानं उघडलं न्हाय. चला." शिव्याशाप नाहीत, रडणं नाही. फक्त मेंढरं हलेनात. गवताचा वास नाकात भरलेला, ती फाटकाच्या गजांत तोंडं खुपसून उभी. बायांनी एकेकाला शिंगाला धरून ओढून नेलं. ते ओढत नेणं मी सगळं बघितलं.

ईटच्या माणसानं तोवर दुसऱ्याचा कळप बसवला होता. दहाव्या दिवशी मल्लिनाथनं मला सांगितलं, धुरपताबाईंनी सगळी मेंढरं कळंबच्या बाजारात विकली. एकूण एक. त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी उठून एक कागद लिहिला: अमुक तारखेला बिरोबाच्या ठाण्यापुढं डायरेक्टरांनी माझ्यासमोर भंडारा उचलून फाटक उघडायचा शब्द दिला, त्याचा अर्थ मला माहीत होता, मी साक्षीदार आहे. खाली सही, तारीख, पत्ता. नोकरी गेली तर गेली. रविवारी रिक्षा करून वस्तीवर गेले.

धुरपताबाई दाराशी विळ्याला धार लावत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, चहा टाकला. चहात आता पिशवीचं दूध होतं. मी कागद पुढं केला. म्हटलं, "सिदूला द्या. ट्रस्टींकडं जा, तहसीलला जा. मी येते बोलायला."

"वाचा," त्या म्हणाल्या. "मला कुठं वाचता येतंय?"

मी वाचलं.

"बरं लिवलंय," त्या म्हणाल्या. "आता फाटक उघडून आत कोण जायचं, अक्का?"

मी रडायला लागले. माफी मागितली. सरांना नाही नाही ते बोलले, हा माणूस असा, हा माणूस तसा, देव याला बघून घेईल. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटेल. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"सायबाला कशाला बोलता? त्येला हळद दिसली, त्येनं हळद उचलली. त्येला काय ठावं? म्या तवाच वळखलं व्हतं, ह्येला कळंना झालंय. म्हनून तर तुमाला मधी घातलं." त्यांनी विळा हातात घेतला. कुणाच्यातरी सोयाबीन काढायला जायचं होतं, बाकीच्या बाया रस्त्यावर थांबल्या होत्या. जाता जाता त्या दारात थांबल्या.

"तुमाला ठावं व्हतं न्हवं, अक्का?"

"हो," मी म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांना दिलेलं माझं ते पहिलं सरळ उत्तर.